दिनकरभाऊंच्या हातची सुई

माझी मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा सुट्टीत घरी आली तेव्हा भाजी निवडता निवडता तिने विचारलं, "आई, तुला शीर पटकन सापडायची म्हणतात. कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "सरावाने येतं गं." ती उठून गेल्यावर बराच वेळ मेथीची जुडी माझ्या हातात तशीच राहिली. सरावाने येत नाही. मला दिनकरभाऊंनी शिकवलं होतं, आणि त्यांचं नाव मी माझ्या घरात आजवर काढलेलं नाही.

दिनकर भोयर. नाचणगावचे. मी ब्याण्णव साली पुलगावच्या एका खाजगी दवाखान्यात लॅब टेक्निशियन म्हणून लागले, तेव्हा ते तिथे कंपाउंडर होते. दवाखाना वीस खाटांचा. लॅब म्हणजे जिन्याखालची एक खोली, त्यात एक मायक्रोस्कोप आणि आवाज करत फिरणारं एक सेंट्रिफ्यूज. मी रोहण्याहून आर्वीच्या छोट्या रेल्वेगाडीने यायचे. गाडी बैलगाडीच्या चालीने चालायची, त्यामुळे पहिल्याच दिवशी मला उशीर झाला. दारात एक उंच, वाळकासा माणूस उभा होता. पांढरा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत, बटणं लावलेली, आणि घड्याळ चक्क बाहीवरून बांधलेलं.

"कोन्या गावची?"

"रोहणा."

"मंग ये, रोहणा. चार सॅम्पल वाट पाहून राह्यले तुई."

तेव्हापासून मी रोहणाच. ते सगळ्यांना गावाच्या नावानेच हाक मारायचे. नर्स देवळी, झाडूवाली बाई सोरटा, खुद्द डॉक्टरसाहेबांना पाठीमागे अमरावती. मी एकदा चिडून म्हटलं, "भाऊ, मला नाव आहे." तर म्हणाले, "नाव लगन झालं का बदलते बापा. गाव थोडीच बदलते."

त्या काळी काचेच्या सिरिंजा असायच्या. त्या उकळायचं काम दिनकरभाऊंचं, आणि ते दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचे नाहीत. स्टेरिलायझरशेजारी त्यांनी घरून आणलेलं गजराचं घड्याळ ठेवलेलं असे. पाणी उकळायला लागलं की वीस मिनिटांचा गजर लावायचे, आणि तो वाजेपर्यंत आभाळ कोसळलं तरी झाकण उघडत नसत. बाजारातला एक कापडाचा मोठा व्यापारी एकदा ताप घेऊन आला आणि आरडाओरडा करू लागला, की माझी दुकानावर गिऱ्हाइकं उभी आहेत, लवकर टोचा. दिनकरभाऊ घड्याळाकडे बघत शांतपणे म्हणाले, "सेठजी, तुमी आंघोळ केल्याबिगर दुकानात बसता का? सुईले बी आंघोळ करू द्या." सेठ मुकाट बसला. बाकावरच्या बाया पदराआड हसल्या.

आणि त्यांचा हात. अख्ख्या तालुक्यात त्या हाताचं नाव होतं. पोरं त्यांच्याकडे इंजेक्शन घ्यायला रडत नसत. एकदा सोरट्याच्या पुढच्या एका गावाहून आठ महिन्यांचं मूल आणलं. हगवणीने पार सुकून गेलेलं, डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली. डॉक्टरसाहेबांनी तीनदा प्रयत्न केला, सलाईन लागेना. मी दोनदा केला. पोराची आजी भिंतीला टेकून नुसती बघत होती. दिनकरभाऊ आले. आधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम केले. मग पोराचा एवढासा पाय हातात घेतला आणि आजीशी बोलायला लागले, तूर किती पेरली, पाणी कोणत्या विहिरीचं पिता. बोलता बोलता त्यांनी डोळे मिटले. घोट्याजवळ बोट फिरत होतं. मी बघत असतानाच सुई आत गेलेली होती आणि नळीत रक्ताचा लाल ठिपका दिसला.

"शीर डोयानं नाई दिसत, रोहणा," ते मला म्हणाले. "बोटानं दिसते. डोये मिटून पाह्यजो."

पुढचा महिनाभर त्यांनी मला रोज दुपारी शिकवलं. म्हाताऱ्यांची शीर पळते, तिला अंगठ्याने धरून ठेवायची. जाड बाईची खोल असते, घाई करायची नाही. घाबरलेल्या माणसाची आत जाऊन बसते, त्याच्याशी बोलायचं. हे सगळं ते स्वतःच्या नव्हे, माझ्या हातावर दाखवायचे. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. मे महिन्यात पुलगाव भट्टीसारखं तापतं, डॉक्टरसाहेबसुद्धा बनियनवर बसायचे. दिनकरभाऊंच्या बाह्या मनगटापर्यंतच. विचारलं तर म्हणायचे, "मले ऊन सोसत नाई." दवाखान्यात सगळे सुपारी-तंबाखूचा खर्रा खायचे, ते कधी तोंडात टाकत नसत. कोणी पुडी पुढे केली की हात जोडायचे. "मले कोनतंच व्यसन नाई बापा."

हे वाक्य ते जरा जास्तच वेळा म्हणत, हे मला पुढे लक्षात आलं.

ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर द्यायची इंजेक्शनं एका वेगळ्या डब्यात असत. त्यातली कमी होऊ लागली. "फुटली," असं दिनकरभाऊ सांगत. मी लॅबचा कचरा टाकायला जायचे तेव्हा मला स्पिरिटच्या कापसाखाली लपवलेल्या रिकाम्या काचकुप्या दिसायच्या. मानेजवळ नीट कापलेल्या. फुटलेली कुपी अशी नसते. मी त्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हाच मला कळलं. पण मी बोलले नाही. त्यांच्या अब्रूची काळजी होती म्हणून नाही बोलले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं कारण साधं होतं. अवघड पेशंट आला की मी त्यांना हाक मारायचे आणि ते माझं काम दोन मिनिटांत करून द्यायचे. मला त्यांचा हात हवा होता.

पाच वर्षं अशीच गेली. मग एका उन्हाळ्यात दुपारी तीनच्या सुमारास ड्रेसिंगरूमचं दार आतून लागलं होतं. डॉक्टरसाहेबांनी धक्का मारून उघडलं. दिनकरभाऊ जमिनीवर भिंतीला टेकून बसलेले. शर्टाची डावी बाही दंडापर्यंत सरकवलेली. तो हात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. कोपरापासून मनगटापर्यंत काळ्या दोऱ्या पडलेल्या, मध्ये मध्ये बुजलेल्या जखमांचे खळगे. ज्या हातांनी गावाच्या शिरा शोधल्या, त्या हातांत स्वतःची एक शीर धड उरली नव्हती.

त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "रोहणा, दरवाजा लोटून घे."

त्यांना काढून टाकलं. गाजावाजा झाला नाही. सामान म्हणजे एक गजराचं घड्याळ, ते पिशवीत घालून निघाले. लॅबच्या दारात थांबले.

"तुले माहीत होतं न?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. ते खोटं त्यांना कळलं होतं, आणि तरी त्यांनी ते खरं मानून घेतलं.

पुढची काही वर्षं मी त्यांच्याबद्दल फक्त ऐकत गेले. माझं लग्न झालं, पुलगावातच घर केलं, मुलगी झाली. दिनकरभाऊ स्टेशनमागच्या ओसाड गोदामापाशी बसतात असं लोक सांगत. तिथे चार-पाच जण होते, ट्रकवर जाणारे, एक इलेक्ट्रिशियन, एक बऱ्या घरचा माणूस. त्यांना कोणालाच आपली शीर सापडत नसे. दिनकरभाऊ सगळ्यांना टोचून द्यायचे. पुढे कधीतरी त्यांनीच मला हे सांगितलं. "सुई एक, मानसं पाच. पेशंटसाठी वीस मिनिटं थांबत होतो मी, रोहणा. आपल्यासाठी वीस सेकंद बी नाई थांबलो."

दोन हजार तीनच्या सुमारास ते दवाखान्याच्या बाकावर बसलेले दिसले. मी ओळखलंच नाही. सोबत सुमनवहिनी, त्यांची बायको. नाचणगावला वहिनींनी पिठाची चक्की टाकली होती आणि घर चालवलं होतं. नवऱ्याला नागपूरला व्यसन सोडवायच्या केंद्रात दोनदा नेऊन त्यांनी त्याला परत माणसांत आणलं होतं. सहा महिने झाले होते सुई सोडून. आता ताप जात नव्हता, हिरड्यांतून रक्त यायचं, जरा कुठे लागलं की निळा डाग.

मी रक्त घेतलं. तेव्हा अजून एक शीर कशीबशी सापडली. काचेवर थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली धरला. तांबड्या पेशी फिक्या, पांढऱ्या पेशी तुरळक, आणि प्लेटलेट शोधाव्या लागत होत्या. रिकाम्या बाजारासारखं रक्त. डॉक्टरसाहेबांनी एचआयव्हीची तपासणी करायला सांगितली. मी पट्टीवर थेंब टाकून वाट बघत बसले होते, तेवढ्यात दिनकरभाऊ दारात येऊन उभे राहिले.

"किती रेघा आल्या?"

"डॉक्टर सांगतील, भाऊ."

"म्हणजे दोन," ते म्हणाले. मग स्टुलावर बसले. "सुमनचं बी तपास. आधी तिचं तपास."

सुमनवहिनींच्या पट्टीवर एकच रेघ आली, म्हणजे लागण नव्हती. पुढे पुन्हा तपासलं तेव्हाही एकच. ते कळल्यावर दिनकरभाऊ त्या जिन्याखालच्या खोलीत तोंडावर रुमाल धरून रडले. स्वतःचा रिपोर्ट ऐकून ते रडले नव्हते.

रक्तात आणखी एक पाहुणा निघाला, हेपॅटायटिस सी. तोही त्याच सुईतून आलेला, लिव्हर पोखरणारा. आणि छातीत टीबी. सरकारी गोळ्या नागपूरला फुकट मिळायला लागल्या तेव्हा ते सुरुवातीलाच नाव घालून आले. पण त्यांचं अवघड होतं. टीबीच्या गोळीने लिव्हरवर ताण यायचा, लिव्हर आधीच दमलेलं. आणि एचआयव्हीच्या गोळ्यांमधली एक रक्त कमी करत होती. दीड-दोन महिन्यांत हिमोग्लोबिन सहाच्या खाली आलं. नागपूरच्या डॉक्टरांनी ती गोळी बदलली आणि सांगितलं, दर आठवड्याला रक्त तपासा, आकडा आम्हाला कळवा. पुलगावात तपासणारी मी.

दर मंगळवारी सकाळी ते चक्कीवरून यायचे. अंगाला पिठाचा वास, भुवयांवर पीठ. चक्कीवर त्यांचं बरं चाललं होतं. कोणाची ज्वारी जाड दळायची, कोणाची बारीक, हे त्यांना पाठ. "हे बी डोये मिटूनच कराचं काम हाय," म्हणायचे, पीठ चिमटीत चोळून दाखवायचे. सुई सोडून आता दीड वर्षाच्या वर झालं होतं.

पहिल्या मंगळवारी मला त्यांची शीर सापडायला पाऊण तास लागला. दुसऱ्या मंगळवारी लॅबबाहेर पंधरा माणसं उभी होती. हातमोजे संपत आले होते, एकाच जोडीवर मी सकाळपासून काम करत होते. दोनदा टोचलं, रक्त आलं नाही. तिसऱ्यांदा सुई काढताना ती निसटून माझ्या अंगठ्याला चाटून गेली. मोजा फाटला, कातडी नाही. मी अंगठा नळाखाली धरला. घरी मुलगी पाच वर्षांची होती. महिन्याभरापूर्वीच नवऱ्याने म्हटलं होतं, की असल्या पेशंटना तू हात लावू नको.

ही कारणं सगळी खरी आहेत. मी ती कितीतरी वेळा मनात मांडून पाहिली आहेत.

मी नवी सिरिंज फोडली, ट्रेमध्ये ठेवली, शेजारी रबरी पट्टा ठेवला आणि ट्रे त्यांच्याकडे सरकवला.

"भाऊ, तुम्हीच घ्या ना. तुमच्याच हाताला सापडेल ती."

ते ट्रेकडे बघत राहिले.

"मी?"

"मी नळी धरते. एकदाच."

"मी सुई हातात नाई धरत आता, रोहणा." आवाज अगदी हळू होता. "दीड साल झालं. सुमन घरात कपडे शिवाची सुई बी लपवून ठेवते."

मला समजायला हवं होतं. मला समजलंच होतं. पण बाहेरून कोणीतरी दार वाजवत होतं, अंगठा हुळहुळत होता, आणि मी म्हटलं, "बाहेर लाईन लागली आहे, भाऊ. आटपा."

त्यांनी सिरिंज उचलली. पट्टा दातांत धरून दंडाला आवळला. तळवे घासले नाहीत, बोट फिरवलं नाही. सुई कोपराच्या मागे, मला कधी सुचलं नसतं अशा जागी सरळ गेली आणि पहिल्याच वेळी सिरिंज भरली. त्यांचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी पाहिलं. कोणाची तरी फार वर्षांनी गाठ पडावी तसा. मी घाईने सिरिंज घेतली, नळीवर नाव लिहिलं आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं.

आणखी दोन मंगळवार त्यांनी स्वतःच रक्त घेतलं. मला सोयीचं झालं होतं. त्यानंतरच्या मंगळवारी ते आले नाहीत.

गुरुवारी सुमनवहिनी आल्या. हात पिठाने माखलेले तसेच, चक्की अर्ध्यात सोडून आलेल्या.

"ताई, ते पुन्हा बसले गोदामापाशी. सोमवारपासून गोया बी नाई घेतल्या. काऊन असं झालं असन वो? सगळं चांगलं चालू होतं."

"त्यांनी काही सांगितलं?"

"नाई. म्हणते, चूक मीच केली. कोणाचं नाव नाई घेतलं."

मी तेव्हा सांगू शकले असते. समोर बाई उभी होती, खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी त्यांना पाणी दिलं आणि येते घरी म्हटलं.

रविवारी किट घेऊन नाचणगावला गेले. स्वतःच्या पैशाने नवे हातमोजे घेतले होते. दिनकरभाऊ चक्कीच्या मागच्या खोलीत खाटेवर होते. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं, ओठांना रक्त सुकलेलं. मला पाहून उठायला लागले.

"मी रक्त घ्यायला आले," मी म्हटलं. "मीच घेणार आहे."

त्यांनी हात पुढे केला. मी मोजा घातला, डोळे मिटले आणि बोट फिरवत राहिले. त्या हातावर सगळीकडे फक्त टणक दोर होते. बराच वेळ गेला. त्यांनी मला घाई केली नाही, की जागा दाखवली नाही. शेवटी कोपरामागे बोटाखाली काहीतरी मऊ लागलं.

"हं," ते म्हणाले. "तीच."

रक्त आलं. मी नळीत भरलं. मग मी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी तेच बोलले.

"भेव वाटलं होतं न तुले त्या दिवशी?"

"हो."

"मले बी वाटलं होतं," ते म्हणाले, आणि भिंतीकडे कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना नागपूरला न्यायचं ठरलं होतं. पुढचं सांगून टाकते. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात ते नऊ दिवस होते. लिव्हर काम करेनासं झालं, पोटात रक्तस्राव सुरू झाला, आणि रक्त थांबवायला प्लेटलेट उरल्या नव्हत्या. सुई पुन्हा हातात आली नसती तर ते जगले असते का? डॉक्टरसाहेबांना मी हे एकदा, दुसऱ्याच कोणाची गोष्ट असल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही. लिव्हर आधीच गेलेलं असावं." हे उत्तर मला उपयोगी पडत नाही. पडावं असं मी पुष्कळदा ठरवून पाहिलं.

त्या सोमवारी सकाळी मी दवाखाना उघडायच्या आधीच त्यांचं रक्त लावलं होतं. लिव्हरचं काय ते मला नळीत रक्तावर साचलेल्या गडद पिवळ्या पाण्यावरूनच दिसत होतं. पण हिमोग्लोबिन वाढलं होतं. सहाच्या खालून साडेसातवर. गोळी बदलल्याचा गुण आला होता. मी कागदावर आकडा लिहिला आणि स्टेशनकडे पळत सुटले.

नागपूरची पॅसेंजर दोन नंबरवर लागलेली. ते खिडकीपाशी बसले होते, अंगावर चादर, शेजारी सुमनवहिनी एक्स-रेचं मोठं पाकीट मांडीवर घेऊन. मी खिडकीच्या गजांतून कागद आत दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला. रिपोर्ट वाचता येत होता त्यांना, कोणता आकडा बघायचा ते सांगावं लागलं नाही. त्या आकड्याखाली त्यांनी अंगठ्याचं नख ओढलं आणि कागद सुमनवहिनींपुढे धरला.

"वाढलं, पाह्य," ते म्हणाले. आणि हसले.

वहिनींनी कागद घेतला, कपाळाला लावला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू तो आकडा मीच वाढवला होता.

तेव्हा गार्डची शिट्टी झाली. मला म्हणायचं होतं, माझं चुकलं, भाऊ. वाक्य ओठावर तयार होतं. वहिनींच्या समोरच म्हणायचं, असं मी पळताना ठरवलेलं होतं. मी गज घट्ट धरले.

"पाण्याची बाटली घेतली ना?" मी विचारलं.

"घेतली," ते म्हणाले. "तू जाय आता. लाईन लागली असन."

गाडी हलली. त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघायला लागले.